‘सरकार कर्ज काढतं, मग आपण का नको?’

पत्र थोडक्यात

इंदूरच्या सुदामा नगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४६, खासगी शाळेत शिक्षिका, पगार १८ हजार. यजमान पन्नाशीचे, पीथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, कापून हातात ६२ हजार येतात. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरी ७६ वर्षांच्या सासूबाई आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी बँकेतून २५ लाखांचं गृहकर्ज घेतलं. मुदत १५ वर्षं, दर ७ टक्के, हप्ता २२,४७१ रुपये. २०३६ मध्ये यजमान निवृत्त होतील तेव्हाच कर्ज संपावं, असा हिशेब होता. पावणेपाच वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. तरी गेल्या आठवड्यात काढलेल्या स्टेटमेंटवर बाकी २१ लाख २४ हजार आणि शेवटचा हप्ता २०३८ च्या ऑक्टोबरात. गेल्या जानेवारीत सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी १४ टक्क्यांनी ४ लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं, त्याचा हप्ता १०,९३१, आणि बाकी सुमारे ३ लाख २० हजार. शिवाय ताईंच्या क्रेडिट कार्डावर ७८ हजार थकले आहेत. मुलाची हॉस्टेलची फी त्यातून भरली. दरमहा त्या ‘किमान रक्कम’ ३,९०० रुपये भरतात. यजमानांना हे माहीत नाही.

आता यजमान म्हणतात, दर उतरताहेत, घरावर आणखी १० लाखांचं टॉप-अप घेऊ आणि इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याकडे मित्रासोबत प्लॉट घेऊ. ताई नको म्हणाल्या तर उत्तर ठरलेलं असतं: ‘सरकार कर्ज काढतं, आपल्या महापालिकेनं काढलं, मग आपणच का घाबरायचं?’ ताई विचारतात, ‘यावर मी काय बोलू? तीन लाखांची एफडी मोडू का? आजीच्या पाटल्या गहाण ठेवू का? आणि आम्ही भरलेले पैसे गेले कुठे?’

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमची झोप तिथेच अडकली आहे असं पत्रावरून वाटलं.

तुम्ही ५७ हप्ते भरले, म्हणजे १२ लाख ८० हजार रुपये. त्यातून मुद्दल फिटलं पावणेचार लाख. बाकीचे नऊ लाख व्याजात गेले. तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. तुम्ही कर्ज घेतलं तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दरानं पैसे मिळतात तो. कोरोनाच्या काळात तो इतका खाली आणला होता. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला बांधावी लागतात. तुमच्या बँकेनं त्यावर स्वतःचे ३ टक्के चढवले आणि तुम्हाला ७ टक्के पडले. एप्रिल २०२२ मध्ये देशातली महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. ती ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर ६ च्या आत राखणं हे रिझर्व्ह बँकेचं काम. ४ मे २०२२ ला ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर जाऊन तिनं रेपो ४.४० केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेला. तुमचा दर झाला साडेनऊ.

आता त्या वेळचा एक हप्ता उघडून बघा. बाकी साधारण २३ लाख होती. ७ टक्क्यांनी महिन्याचं व्याज १३,४०० झालं असतं, साडेनऊनं झालं १८,२००. हप्ता तोच २२,४७१. म्हणजे मुद्दलाकडे जिथे नऊ हजार जायचे तिथे चारच हजार जाऊ लागले. बँकेनं हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवली. त्या काळात तुमचा शेवटचा हप्ता २०४० च्या शरदापर्यंत सरकला होता. तुम्हाला तो दिसला नाही, कारण खात्यातून कापली जाणारी रक्कम एका रुपयानंही बदलली नव्हती. २०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार वेळा रेपो उतरून ५.२५ वर आला, तुमचा दर सव्वाआठ झाला आणि शेवटचा हप्ता २०३८ पर्यंत मागे आला.

माझी तीस वर्षं बँकेच्या काउंटरच्या आत गेली. ‘हप्ता तेवढाच आहे ना, मग ठीक आहे’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! हप्ता हा कर्जाचा चेहरा असतो. वय मुदतीत लपलेलं असतं, आणि स्टेटमेंटच्या तळाशी असलेली ती तारीख फार थोडे लोक वाचतात. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला की दर बदलला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे बँकेनं कर्जदाराला विचारलं पाहिजे आणि दर तीन महिन्यांनी बाकी, दर, उरलेले हप्ते सांगणारं स्टेटमेंट दिलं पाहिजे. तुमच्या ईमेलमध्ये ती स्टेटमेंटं न उघडता पडलेली असतील. आज उघडा.

यजमानांच्या ‘दर उतरताहेत’ या म्हणण्याचं उत्तरही यातच आहे. दर उतरले हे खरं. पण चार वर्षांच्या आत तो ४ वरून साडेसहावर गेला आणि सव्वापाचवर आला. अजून बारा वर्षांचं कर्ज डोक्यावर आहे. त्यात तो किती वेळा वर-खाली होईल, हे तुमच्या-माझ्या हातात नाही. तेल महागलं, रुपया घसरला, अमेरिकेनं आपले दर वाढवले, पाऊस रुसला, की त्याची झळ सुदामा नगरच्या हप्त्यापर्यंत येते. उतरता दर हा हातातलं कर्ज लवकर फेडायला उत्तम मुहूर्त आहे. नवं कर्ज घ्यायला ते कारण पुरत नाही.

आता सरकारचं. हा मुद्दा तुम्ही वादाचा म्हणून बाजूला सारू नका, यजमानांनी विचारलेलं विचारण्याजोगं आहे. सरकारला कर्ज चालतं हे खरंच आहे, आणि का चालतं हे समजलं की तुमच्या घराला ते तसं का चालत नाही हेही कळतं.

आपल्या इंदूरचीच गोष्ट सांगते. १८७० च्या सुमारास महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षं! पातालपाणी–कालाकुंडच्या घाटातून जी छोटी गाडी वर चढायची ती त्या पैशांतून झाली. इतकी मुदत सरकारला मिळू शकते, घराला नाही. सरकार साठाव्या वर्षी निवृत्त होत नाही. जुनं कर्ज फेडायला नवं काढतं, कारण कर देणारी पुढची पिढी जन्माला आलेली असते. तुमच्या यजमानांचा पगार २०३६ मध्ये थांबणार आहे.

दुसरा फरक त्याहून मोठा. आपलं केंद्र सरकार बहुतेक कर्ज रुपयात काढतं, आणि देशातल्याच लोकांकडून. बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते. विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी हेही सरकारला कर्ज देतात. शिवाय रुपया छापण्याचा अधिकार देशाच्या हातात आहे. तो बेबंद वापरला तर महागाई भडकते, पण हप्ता भरायला नोटाच नाहीत असं सहसा होत नाही. श्रीलंकेचं तसं नव्हतं. त्यांचं मोठं कर्ज डॉलरमध्ये होतं आणि डॉलर कोलंबोत छापता येत नाहीत. पर्यटन बसलं, परकीय चलनाची गंगाजळी आटली. एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं एका दिवसात दर ७ टक्क्यांनी वाढवले आणि चार दिवसांनी सरकारनं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्या सप्टेंबरात तिथली महागाई ७० टक्क्यांच्या घरात होती. आपणही त्या उंबरठ्यावर जाऊन आलो आहोत. १९९१ मध्ये परदेशी देणी भागवायला रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं बाहेर गहाण ठेवावं लागलं होतं.

ताई, तुमच्या घरासाठी रुपया हाच डॉलर आहे. तुम्हाला तो छापता येत नाही, मिळवावाच लागतो, आणि तोही पीथमपूरच्या एका कारखान्यातून आणि एका खासगी शाळेतून. म्हणून घराची तुलना दिल्लीच्या सरकारशी करू नये, २०२२ च्या कोलंबोशी करावी. यजमानांना सांगायचंच असेल तर हे सांगा.

आणि सरकारलाही ते फुकट पडत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या रुपयातले २० पैसे व्याजात जातात, आणि येणाऱ्या रुपयातले २४ पैसे नव्या कर्जाचे आहेत. उसने पैसे वगळून फक्त महसूल मोजला, तर त्यातले सुमारे ३७ पैसे व्याजाला लागतात. ते गेल्यावर जे उरतं त्यातून सैन्य, रस्ते, दवाखाने. आता तुमचा रुपया मांडू. दोघांचे मिळून ८० हजार. या महिन्याचं नुसतं व्याज: घराचं १४,६००, वैयक्तिक कर्जाचं ३,७००, कार्डाचं करासकट ३,२००. झाले साडेएकवीस हजार, म्हणजे रुपयातले २७ पैसे. मुद्दल धरून हप्ते ३७,३००, म्हणजे जवळपास ४७ पैसे. टॉप-अपचे १० लाख पावणेनऊनं बारा वर्षांसाठी घेतले तर ११,२४० चा आणखी एक हप्ता. मग ६१ पैसे. उरलेल्या ३१ हजारांत पाच तोंडं... चूक झाली, चारच. पाचवं हॉस्टेलचं बिल.

महापालिकेचा मुद्दाही यजमानांनी बरा काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेनं २४४ कोटींचे हरित बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, ८.२५ टक्क्यांनी. आज तुमच्या गृहकर्जाचा दरही तोच आहे, हा योगायोग. सामान्य माणसालाही ते घेता येत होते आणि मागणी कितीतरी पट आली. पण ते पैसे कशासाठी होते? नर्मदेचं पाणी जलूदहून वर चढवून इंदूरला आणायला प्रचंड वीज लागते. ते बिल कमी व्हावं म्हणून जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प, त्यासाठी हे कर्ज. म्हणजे दरमहा जाणारा एक खर्च कमी करायला काढलेलं. तुमच्या प्लॉटमुळे कुठला खर्च कमी होणार आहे? विकेपर्यंत तो काही देणार नाही. उलट पहिल्याच वर्षी सुमारे ८६ हजारांचं व्याज आणि वर रजिस्ट्रीचा खर्च मागेल. सुपर कॉरिडॉरचे भाव वाढणार नाहीत असं मी म्हणत नाही, वाढतीलही. पण हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो आणि गिऱ्हाईक त्याला वाटेल तेव्हा. शिवाय मित्रासोबतच्या प्लॉटमध्ये एकाला विकायचा असतो तेव्हा दुसऱ्याला थांबायचं असतं. माझं मत स्पष्ट आहे: टॉप-अप घेऊ नका.

आता जरा अवघड बोलते, रागावू नका. पत्रभर तुम्ही यजमानांना कर्जाची हौस असलेला माणूस म्हणून रंगवलंय. पण तुमच्या घरातलं सगळ्यात महाग कर्ज तुमच्या पर्समध्ये आहे. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचा ४२. ७८ हजारांवर महिन्याचं व्याज २,७३०, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३,२२१. तुम्ही ३,९०० भरता, त्यातून फिटतात ६७९ रुपये. ‘किमान रक्कम’ हा शब्द फार सौम्य आहे. आणि किमान भरलं की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे त्या कार्डावर घेतलेलं दूधसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजानं येतं. मुलाच्या फीसाठी घेतलं, स्वतःसाठी साडी घेतली नाही, हे मला समजतं. का लपवलंत तेही समजतं. पण यजमान टॉप-अपचा विचार करताहेत तो अर्ध्या माहितीवर, आणि ती अर्धी माहिती तुम्ही ठेवली आहे.

यात तुम्ही एकट्या नाही. भारतातल्या सगळ्या कुटुंबांचं कर्ज एकत्र केलं तर ते देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ४२ टक्क्यांच्या आसपास येतं. थायलंडमध्ये ते ९० च्या जवळ आहे, त्या मानानं आपलं कमी. पण आपल्याकडे त्यातला निम्म्याहून मोठा हिस्सा घराच्या कर्जाचा नाहीच, तो वैयक्तिक कर्ज, कार्ड, सोनंतारण, गाडी असा आहे. घरकर्जामागे निदान घर उभं असतं. विनातारण कर्जं वाढताहेत म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा कर्जांमागे बँकांनी जास्त भांडवल राखावं असा बंदोबस्त केला. तिला काळजी वाटली ती नेमकी तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कर्जाच्या जातीची.

एफडी मोडायची का? मोडा. तीन लाखांवर तुम्हाला ६.८ टक्के म्हणजे वर्षाला वीस हजार मिळतात. तेवढ्याच रकमेवर १४ टक्क्यांनी तुम्ही बेचाळीस हजार देता, आणि कार्डावर त्याच्या तिप्पट दर. ‘एफडी म्हणजे आधार’ ही भावना मी मोडीत काढत नाही, पण भोकं पडलेल्या छपराखाली धान्य साठवण्यासारखं आहे ते. मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल बँक अर्धा-एक टक्का व्याज कापेल, कापू द्या. ७८ हजार कार्डाला, एकरकमी. कार्ड कपाटात ठेवा. दीड लाख वैयक्तिक कर्जाला. त्याआधी करारातलं मुदतपूर्व फेडीचं कलम वाचा, कारण ठरावीक दराच्या कर्जावर आकार लागू शकतो आणि काही जागी वर्षातून एकदाच अंशतः फेड घेतात. आकार चार टक्के असला तरी सहा-सात हजार जातील आणि वर्षाच्या आत वसूल होतील. उरलेले पासष्ट-सत्तर हजार बचत खात्यात तसेच ठेवा. घरात ७६ वर्षांच्या आई आहेत, रात्री दोन वाजता दवाखान्यात धावावं लागलं तर परत कार्ड बाहेर यायला नको. आणि कार्डाचे सुटलेले ३,९०० दरमहा आवर्ती ठेवीत टाका, म्हणजे तो आधार पुन्हा भरत जाईल.

असं केलंत तर वैयक्तिक कर्ज ३६ ऐवजी १७ महिन्यांत, २०२७ च्या मध्याला संपेल. त्या महिन्यापासून तेच १०,९३१ रुपये गृहकर्जाला जोडा. दर सव्वाआठच राहिला असं धरलं तर घराचं कर्ज २०३३ च्या अखेरीस फिटतं. आज स्टेटमेंटवर २०३८ आहे. यजमान त्या वेळी ५७ वर्षांचे असतील आणि निवृत्तीपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ पूर्ण पगार हातात येईल. प्लॉट तेव्हा रोखीनं बघा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक तुमच्याकडून आकार घेऊ शकत नाही.

बँकेकडे एक अर्जही करा. शेजाऱ्यांना त्याच बँकेत साडेसात टक्क्यांनी कर्ज मिळालं असं तुम्ही लिहिलंय. रेपो दोघांना एकच, फरक आहे तो बँकेच्या वरच्या तीन टक्क्यांत. पावणेपाच वर्षांचा न चुकलेला हिशेब तुमच्या हातात आहे. त्याच्या जोरावर लेखी मागा की नव्या ग्राहकाचा दर आम्हाला द्या. थोडं शुल्क लागेल. साडेसात मिळाला तर तेवढ्याच हप्त्यात सुमारे दहा हप्ते कमी होतात, म्हणजे सव्वादोन लाख. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याचा खर्च विचारा. नुसतं विचारल्यानंही पुष्कळदा पहिली बँक जागी होते. ज्यांचं कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं आहे त्यांनी तर हे आजच करावं. त्यांना रेपोला बांधून घेण्याची सक्ती नाही, त्यामुळे २०२५ ची उतरण तुमच्यापर्यंत पोहोचली की नाही हे स्टेटमेंट बघितल्याशिवाय कळायचं नाही.

पाटल्यांचं. सोनंतारणाचा दर कार्डापेक्षा आणि वैयक्तिक कर्जापेक्षा कमी असतो, हे खरं. गणितात बसतं. पण आमच्या शाखेत एक गृहस्थ दर वर्षी दिवाळीआधी यायचे. लाल कापडाची छोटी पिशवी, तोंडाला लाखेचा शिक्का, आत बायकोची मोहनमाळ आणि दोन बांगड्या. व्याज भरायचे, कर्ज पुढल्या वर्षासाठी नवं करून घ्यायचे, पिशवी परत तिजोरीत. नवव्या वर्षी मी त्यांना आजवर भरलेल्या व्याजाची बेरीज करून दाखवली. ती मुद्दलाच्या जवळ पोहोचली होती. ते बराच वेळ काचेवर बोट फिरवत उभे राहिले, मग म्हणाले, ‘बाई, पिशवी एकदा उघडून दाखवता का? हिला बघायची आहे.’ एफडी आहे तोवर पाटल्या घरीच राहू द्या.

आणि सासूबाईंच्या पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेला हात लावू नका. ‘त्यावर ८.२ मिळतात आणि आपण ८.२५ भरतो, मग ते काढून इकडे टाकू’ असं कोणी सुचवेल. ती त्यांची मिळकत आहे, तुमची गंगाजळी नव्हे. अल्पबचतीचा तो पैसाही सरकारच्याच उपयोगी पडतो, म्हणजे त्याही सरकारला कर्ज देणाऱ्या. दर तीन महिन्यांनी त्यांना जे व्याज मिळतं ते सरकार व्याजात देतं त्या मघाच्या वीस पैशांतलं आहे. दर वाढला की तुम्ही कष्टी, त्या निश्चिंत, एकाच घरात. रिझर्व्ह बँकेला दोघींकडे बघून दर ठरवावा लागतो.

तुमच्यासारख्या इतर ताईंसाठी एक गोष्ट जोडते. ‘मी फक्त सही केली’ असं तुम्ही लिहिलंय. गृहकर्जावर तुम्ही सहकर्जदार आहात, म्हणजे पूर्ण रकमेला यजमानांइतक्याच बांधील. यजमानांचं काही झालं तर बँक तुमच्याकडे येईल, १८ हजारांच्या पगाराकडे. बाकी आहे तेवढ्या रकमेचा साधा मुदत विमा यजमानांच्या नावे आहे का, ते बघा, नसेल तर टॉप-अपची चर्चा करण्याआधी तो घ्या. आणि वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीकडून, स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा, तुमच्या नावावर काय काय आहे ते तुम्हाला दिसू द्या.

रविवारी सकाळी पोहे झाले की दोघं बसा. मुलाला सुट्टी असेल तर त्यालाही बसवा, वीस वर्षांचा आहे, त्याच्या हॉस्टेलची फी कुठून आली हे त्याला कळायला हवं. तिन्ही कर्जांची स्टेटमेंटं टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाच्या शेवटच्या हप्त्याच्या तारखेखाली पेन्सिलनं रेघ मारा. यजमानांशी जिंकायला बसू नका, त्या तारखा त्यांना वाचायला सांगा. कार्डाचं बिल मात्र रविवारपर्यंत ठेवू नका. ते शनिवारी रात्रीच दाखवा, तुम्ही दोघंच असताना. आणि बँकेचं उत्तर आलं की किती टक्के कमी झाले ते मला कळवा.